परशराम आप्पांचा राऊटर

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या बोळातून सकाळी एखादा माणूस दाराची फळी डोक्यावर घेऊन बाजाराकडे चाललेला दिसला, तर समजावं की परशराम आप्पांना बिजागरी घ्यायची आहे.

बिजागरीचं माप कागदावर लिहून नेता येतं, हे मी त्यांना दहादा सांगितलं आहे. मी हायस्कुलात गणित शिकवतो. मापं सांगणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. पण आप्पांचा कागदावर विश्वास नाही. "मास्तर, एकटी वस्तू खोटं बोलती. जोडी समोर आणा, मग खरं भाईर पडतंय." काही वर्षांपूर्वी असंच दार बाजारात गेलं, त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचं घर एकाच फळीवर होतं आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, उरलेल्या अर्ध्या दारात तांदूळ निवडत राखणीला बसल्या होत्या. "बिजागरी बगाय दार नेलंय," येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगत होत्या, "कुलूप घ्याय गेले तर घरच नेतील."

झाकण घ्यायचं तर आप्पा पातेलं नेतात. चष्मा करायला गेले तेव्हा स्वतःचा पेपर आणि स्वतःची सुई-दोरा घेऊन गेले आणि सुईत दोरा जाईपर्यंत त्या डॉक्टरला त्यांनी हलू दिलं नाही. माझ्या लग्नात मला बूट घ्यायचे होते, तर कोट, पँट आणि मी अशा तिघांना त्यांनी दुकानात उभं केलं होतं. दुकानदार कन्नडिग असेल तर भाव कन्नडात चालतो आणि नापसंती मराठीत. "बेड, बेड", म्हणजे नको नको, म्हणत ते उठतात आणि दुकानाच्या पायरीवर आल्यावर मला सांगतात, "माल बरा हाय वो. पर जोडी न्हाय."

यामागे त्यांचा धंदा आहे. आप्पा यंत्रमागाचे जॉबर. माग बिघडला की ज्याला हाक जाते तो माणूस. फणी आणि सूत एकमेकांना जुळलं नाही तर दिवसभराचं कापड वाया जातं, हे ते वयाच्या सोळाव्या वर्षी शिकले आणि मग त्यांनी ते साऱ्या जगाला लावून टाकलं. बोळातून चालता चालता नुसत्या आवाजावरून ते सांगतात, "तिसऱ्या घरच्या मागाचा दात झिजलाय." आत जाऊन बघावं तर झिजलेला असतो. असा माणूस आमच्या बोळात राहतो याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो आम्ही लपवत नाही.

आता राऊटरचं सांगतो.

आप्पांना एकच मुलगी, रेणुका. आमच्या बोळातली पहिली इंजिनिअर. ती बेंगळूरच्या एका कंपनीत लागली तेव्हा आप्पांनी पेढे वाटले नाहीत. प्रत्येक घरात जाऊन बसले आणि ती काय काम करते ते समजावून सांगितलं. त्यांना ते कळलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक घरी वेगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. त्यानंतर रेणू सणाला यायची ती दोन दिवसांसाठी. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं यायची आणि रविवारी परत.

यंदा गणपती झाल्यावर तिचा फोन आला. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत घरून काम करायची परवानगी मिळेल, चांगले तीन आठवडे. अट एकच. रोज दहा वाजता तिची मीटिंग असते, ती घरच्या नेटवर विनाअडथळा चालली पाहिजे. "एक जरी मीटिंग तुटली तर मला त्याच दिवशी परत निघावं लागेल, आप्पा." आप्पांच्या घरी केबलवाल्यानं फुकटात दिलेला एक डबडा राऊटर होता. त्याचं नेट पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत जाईपर्यंत धापा टाकायचं. मागची खोली, जिथं रेणू बसणार, तिथं ते कधी पोचलंच नव्हतं.

म्हणजे नवा राऊटर घ्यायचा. तो रेणूच्या लॅपटॉपमधल्या नेटवर्क कार्डाला जुळणारा हवा. आणि आयुष्यात पहिल्यांदाच आप्पांना जोडीशिवाय बाजारात जायची पाळी आली होती, कारण जोडी बेंगळुरात होती.

"मास्तर, तुमचा लॅपटॉप द्या," ते सकाळी सातला दारात उभे. "रेणूच्या लॅपटॉपचा चुलत भाऊ समजू."

तो चुलत भाऊ घेऊन आम्ही खडे बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं सहा अँटेनांचा एक काळा राऊटर समोर ठेवला. उताणा पडलेल्या खेकड्यासारखा दिसत होता. "टॉप मॉडेल आहे. काहीही जोडा, चालतंय."

"कायबी जोडा म्हंजे?" आप्पांनी भुवया उचलल्या. काहीही कशालाही चालतं असं म्हणणारा माणूस त्यांच्या हिशेबी लबाडच. "ह्या लॅपटॉपच्या आत कार्ड असतंय न्हवं? ते दावा."

"त्यासाठी खोलावं लागतंय."

"खोला की."

"आप्पा, तो माझा लॅपटॉप आहे," मी म्हणालो.

"मग? तुमाला बी कळंल आत काय हाय ते."

खोलला. आत, एका कोपऱ्यात, सुपारीच्या खांडाएवढं हिरवं कार्ड आणि त्याला टोचलेल्या दोन बारीक तारा. आप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि खेड्यातला वैद्य जीभ बघतो तसं ते कार्ड बघितलं. मग राऊटरकडे बोट दाखवलं.

"ह्येला हात दोन. त्येला शिंगं सहा. उरलेली चार कुणासंगं बोलणार?"

दुकानदारानं खेकडा उचलून पुन्हा खोक्यात ठेवला. पुढे मी चौकशी केली तेव्हा कळलं की आप्पांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. दोन तारांच्या एका कार्डाला त्या जास्तीच्या अँटेनांचा फारसा उपयोग नसतो. यंत्रमागाच्या जॉबरनं इंटरनेटचं दुकान असं उभ्या उभ्या गप्प केलेलं मी पाहिलं आणि माझी छाती फुगली. घरी आल्यावर लॅपटॉपचा एक स्क्रू उरलेला आढळला, तेव्हा ती थोडी खाली बसली.

मग रोज संध्याकाळी साडेसातला आप्पांचा बेंगळूरला फोन सुरू झाला. कट्ट्यावर बसून, आवाज मोठा ठेवून, साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ते लिहून घ्यायचे. एका संध्याकाळी कार्डाचा नंबर. दुसऱ्या संध्याकाळी त्याला तारा किती. तिसऱ्या संध्याकाळी 'पट्टे'. म्हणजे नेट दोन पट्ट्यांवर चालतं, एक दोन पॉइंट चारचा आणि एक पाचचा. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी शिकवलं, मी विचारलेलं नसताना.

"दोन पॉइंट चार म्हंजे जाडं सूत. लांबवर जातंय, भिंतीतनं बी जातंय, पर आख्खा बोळ तेच वापरतोय, म्हणून गुंता. पाच म्हंजे बारीक सूत. कापड झकास, पर भिंत आली की तुटतंय. माझ्या पोरगीच्या कार्डाला दोन्ही चालत्यात." शेवटचं वाक्य ते असं म्हणाले, की ते कार्ड जणू रेणूनं पहिल्या नंबरानं पास होऊन मिळवलं होतं.

एका दिवशी कार्ड 'वायफाय सहा'चं आहे असं कळलं. त्या संध्याकाळी, मग एक ते पाच कुठं गेले, या विषयावर बापलेकीचं अर्धा तास बोलणं झालं. मी माझ्या ओसरीत पेपर तपासत ऐकत होतो. रेणूचा धीर दांडगा. माझ्या वर्गात कुणी इतके प्रश्न विचारले असते तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दुकानं संपली तेव्हा आप्पा म्हणाले, "चालता माग बगितल्याबिगर माग घ्यायचा न्हाय. निपाणीला जाऊया."

निपाणीला त्यांचे जुने स्नेही जिनगोंडा अण्णा, तंबाखूचे व्यापारी. त्यांच्या घराच्या भिंती हातभर जाड, आणि आप्पांच्या मनात असलेला राऊटर त्यांच्याकडे बसवलेला. बसनं गेलो. अण्णांनी आधी जेवू घातलं, मग आप्पांनी माझा लॅपटॉप दोन्ही तळव्यांवर ताटासारखा धरला आणि घरातून, परसातून, तंबाखूच्या गोदामातून फिरले. मी मागून. दर दहा पावलांवर मी पडद्यावरच्या नेटच्या रेघा सांगायच्या आणि शिंकायचं. "तीन रेघा, हाक्छी. दोन रेघा, हाक्छी." अण्णा गोदामाच्या दारातून कौतुकानं बघत होते. "छलो ऐती," म्हणजे झकास आहे, असं ते म्हणाले. "आमच्याकडं पोरी बगाय येत्यात लोक, त्ये बी एवढं बगत न्हाईत."

माझी बायको मात्र वैतागली होती. "महिना होत आला. लोक एवढ्या वेळात घर बांधतात," ती म्हणायची. मीही आतून कावलो होतो, खोटं कशाला सांगू?

शेवटी खंडेनवमीच्या आधी तीन दिवस राऊटर आला. दोन अँटेनांचा, पांढरा, साधासुधा. आप्पांनी तो पुढच्या आणि मधल्या खोलीच्या मधे, उंच फळीवर बसवला. माझा लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन बघितला, रेघा भरभरून. खंडेनवमीला पान्या-पकडींच्या रांगेत राऊटरही पूजेला बसला. हळदकुंकू त्याच्या भोकांत जाऊ नये म्हणून त्यांनी ते पानावर ठेवून नुसतं दाखवलं.

दसऱ्याला रेणू आली. आल्या आल्या मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला आणि तिचा चेहरा पडला. नेट दिसतच नव्हतं.

मला निरोप आला तेव्हा आप्पा मधल्या खोलीत उभे होते. त्यांना इतकं गोंधळलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "सगळं जुळवून आणलं हुतं मास्तर," ते म्हणाले. "कार्ड जुळलं, पट्टा जुळला, निपाणीला चालत हुतं." रेणू हळूच म्हणाली, "असू दे आप्पा. उद्याची सुट्टी आहे. परवाच्या मीटिंगला नाही जमलं तर जाते मी संध्याकाळच्या गाडीनं. परत येईन की." आप्पांनी मान हलवली, पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

मग एकदम त्यांच्यातला जॉबर जागा झाला. त्यांनी लॅपटॉप उचलला, तळव्यांवर धरला आणि मागच्या खोलीतून पावलं मोजत निघाले. रेणू आणि मी मागे. मधल्या खोलीत एक रेघ. फळीच्या थेट खाली उभे राहिलो तरी एकच रेघ.

"तोंडाला तोंड लावून हुबी केली तरी बोलंनात," आप्पा पुटपुटले. "म्हंजे मधी कोणतर हाय."

त्यांनी वर बघितलं. मीही बघितलं. फळीवर राऊटर नव्हता. तिथं एक देखणा डबा होता. पत्र्याचा, निळा रंगवलेला, वायरीसाठी मागे गोल भोक पाडलेला.

आमच्या बोळात मागांमुळे सुताची लव सतत हवेत उडत असते. जेवणावर बसते, देवावर बसते, भुवयांवर बसते. त्यामुळे इथं जन्मलेला माणूस कुठलीही किमती वस्तू उघडी ठेवत नाही, झाकतो. रेणूच्या राऊटरवर लव बसू नये म्हणून आप्पांनी आदल्या संध्याकाळी तुपाचा रिकामा डबा कापून, ठोकून, रंग देऊन त्याला पेटी केली होती. नेट त्या पेटीत कोंडून बसलं होतं.

आप्पांनी डबा उचलला. लॅपटॉपवर सगळ्या रेघा एकदम भरल्या. त्यांनी कपाळावर हात मारला आणि पुढची पाच मिनिटं स्वतःला अशा शिव्या दिल्या, की रेणूला हसू आवरेना. मग एक धुतलेलं पातळ फडकं आणून त्यांनी राऊटरवर टाकलं, मागच्या खोलीत जाऊन रेघा मोजल्या आणि जाहीर केलं, "कापडातनं जातंय. कापड कवाबी इमानी."

खरी परीक्षा परवाच्या मीटिंगला होती आणि त्यात एक गोष्ट रेणूच्याही ध्यानात आली नव्हती. बोळातले माग. एक चालू असला तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, इथं तर रांगेनं चालतात. पावणेदहाला आप्पा घरातून निघाले. मला दसऱ्याची सुट्टी होती, मी मागोमाग गेलो. ते प्रत्येक दारात गेले. ज्या माणसानं जन्मभर बंद पडलेले माग चालू करून दिले, तो आज चालू माग बंद करायला सांगत होता. "अर्धा तास. रेणूची मीटिंग हाय." कुणी पुढं काही विचारलं नाही, कुणी कुरकूर केली नाही. एकेक करून माग थांबले. शेवटचा थांबला तेव्हा बोळात कबुतरांचा आवाज ऐकू आला. तो इथं असतो हे मला माहीतच नव्हतं.

मीटिंग अर्धा तास एकदाही तुटली नाही. आम्ही दोघं मधल्या खोलीच्या दारात, श्वास रोखून. शेवटी रेणूचे साहेब इंग्रजीत म्हणाले की आवाज, चित्र फार स्वच्छ येतंय, तू नक्की कुठून बोलते आहेस? रेणूनं लॅपटॉप उचलला आणि दाराकडे वळवला. "हे माझे वडील," ती इंग्रजीत म्हणाली. "इथलं नेटवर्क यांनी निवडलं आणि यांनीच बसवलं. मी नाही."

आप्पा बनियनवर होते. पळायला जागा नव्हती. त्यांनी ताठ उभं राहून लॅपटॉपला दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि आतल्या सगळ्या माणसांनी उलट नमस्कार केला. सांगायला हरकत नाही, माझे डोळे भरून आले होते. नंतर माग चालू करायला सांगत आप्पा दारोदार फिरले. प्रत्येक दारात तेच, "अठरा जण हुते आत. अठराच्या अठरा."

तीन आठवडे कसे गेले कळलं नाही. मीटिंगच्या वेळी माग थांबायचे, रेणू कट्ट्यावर चहा प्यायची, आप्पा तिच्या शेजारी बसून रस्त्याकडे बघत राहायचे. जायच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे फराळाला आली.

"अगं, एवढा साधा राऊटर," माझी बायको म्हणाली, "तो शोधायला तुझ्या आप्पांनी महिनाभर यांच्या चपला झिजवल्या. तू इंजिनिअर, सरळ नाव सांगून टाकायचं नाही का?"

रेणूनं हातातली चकली ताटलीत ठेवली. मग तिनं फोन काढून आम्हाला दाखवला. पहिल्याच दिवशी तिनं आप्पांना पाठवलेला निरोप. त्यात राऊटरचं नाव, त्याचा फोटो आणि बेळगावात तो कुठं मिळतो ते दुकानही. तोच, पांढरा, दोन अँटेनांचा. त्याखाली आप्पांनी बोलून पाठवलेलं उत्तर होतं. तिनं ते लावलं.

"मिळालं बाळ. नाव कळलं, दुकान बी कळलं. उद्या जाऊन आणतो म्हटलं तर यील. पर तू एकदम सगळं सांगून मोकळी हुऊ नगं. रोज थोडं थोडं सांग. तुझ्या आईवानी मला बोलाय येत न्हाय. मला कायतर इचाराय पायजे."

"आई होती तेव्हा आप्पा फोन उचलून एवढंच म्हणायचे, 'थांब, आईला देतो'," रेणू म्हणाली. "आई गेल्यावर फोन द्यायला कुणी उरलं नाही. 'जेवलीस?' 'जेवले. तुम्ही?' 'व्हय.' की संपलं. काका, तो महिनाभर आम्ही जेवढं बोललो तेवढं जन्मात बोललो नव्हतो. मग मीही रोज एकच गोष्ट सांगायचे."

मला आधी माझा उघडलेला लॅपटॉप आठवला, निपाणीच्या शिंका आठवल्या आणि रागच आला. तो फार टिकला नाही. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि पाणी न पिताच परत आलो.

संध्याकाळी बाहेर पडलो तर आप्पा कट्ट्यावर एकटेच बसले होते. आत रेणू बॅग भरत होती. मी शेजारी बसलो. मग घसा साफ करून, आत ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात म्हणाले,

"मास्तर, ह्यो प्रिंटर म्हंजे काय भानगड असती?"

"कशाला हवाय?"

"रेणूच्या लॅपटॉपला जुळणारा एक घ्यावा म्हणतो. ती आली-गेली तर बरा."

"लॅपटॉप तर उद्या बेंगळूरला चालला."

"तेच की." ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. "नीट बगून घ्यायचा झाला, तर किती दिवस लागतील?"

मी गणिताचा मास्तर. मनातल्या मनात हिशेब केला. "घाई नाही केली," मी म्हणालो, "तर पुढच्या गणपतीपर्यंत सहज लागतील."

आप्पांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"शाई बी असती म्हणं त्याला," ते म्हणाले. "चार रंगांची. एकेका रंगाचं येगळं इचाराय लागंल."